दहा वाजताची पानं

थेमला ट्रक झाकता येत असत. सोयरीक जुळवताना सांगण्यासारखा हा गुण नव्हे. तिच्या आईने तिला रोपं लावायला, मासे खारवायला आणि फाटकी जाळी सांधायला शिकवलं होतं, आणि तेवढ्यावर ती क्वांग बिन्ह प्रांतातल्या आमच्या वाडीत बिएनची बायको म्हणून आली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत बिएन लढाईवर, सैन्यात ट्रक चालवायला गेला. इकडे त्याच्या घरामागच्या फणसाच्या बागेत दुसऱ्यांचे ट्रक येऊन उभे राहायला लागले.

ट्रक अंधारात चालत आणि दिवसा झोपत. उजाडायच्या आत पाच-सहा ट्रक बागेत शिरायचे, ड्रायव्हर उतरायचे, मिळेल ते खायचे आणि मिळेल तिथे आडवे व्हायचे. मग दिवसभर त्यांना आकाशातल्या विमानांपासून लपवणं हे वाडीचं काम. त्यासाठी नऊ बायका नेमल्या होत्या. पानवाल्या म्हणायचे त्यांना. थेम त्यांची पुढारी, वय वर्षं वीस.

पुढारीण म्हणून ती फार जाच करायची, हे आजही आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात. बागेजवळची एक फांदीसुद्धा तोडू द्यायची नाही. टेकडीपलीकडे जा आणि तिथून भारे आणा, कारण बागेभोवतीची झाडं बोडकी झाली तर वरून बघणाऱ्याला कारण शोधावंसं वाटणारच. पान खोचायचं ते पालथं नाही. पानाची खालची बाजू फिकट असते, आणि उन्हात ती चांदीसारखी चमकते. काचांवर पोती टाकायची, चाकांच्या खुणा बांबूच्या झाडूने पुसायच्या. सगळं झालं की ही बाई पदर कमरेला खोचावा तसा सदरा खोचून सगळ्यात उंच फणसावर चढायची आणि वरून बघायची. एखादं पान उलटं दिसलं की वरूनच ओरडायची.

"हेन, तिसऱ्या ट्रकच्या टपावर! डावीकडे! आंधळी आहेस का?"

हेन म्हणजे शेजारच्या घरातली मुलगी. थेमहून दोन वर्षांनी लहान आणि तोंडाने दहा वर्षांनी मोठी. ती खालून म्हणायची, "ताई, विमानवाला तुझ्याएवढं निरखून बघत असता तर त्याचे डोळे गेले असते."

पांढऱ्या रंगाशी तर थेमचं उभं वैर. वाडीतले सगळे पांढरे सदरे तिने चिखलात आणि सालींच्या काढ्यात बुडवून मातकट करून टाकले. पांढरी बदकं कापून खाल्ली गेली, आणि ज्यांच्याने कापवेना त्यांनी ती काजळीने माखली. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचे दात जुन्या रीतीप्रमाणे काळे रंगवलेले असत. हेन म्हणायची, "आज्यांचे दात आधीच काळे आहेत ते बरं, नाहीतर आमच्या ताईने त्यांनाही चिखल फासला असता." म्हाताऱ्या त्या काळ्या दातांनी खदखदून हसायच्या. त्या दिवसांत हसायला तेवढंच होतं.

या सगळ्यात अवघड काम होतं पानं बदलण्याचं. तोडलेलं पान कितीही हिरवं दिसलं तरी ते मेलेलंच असतं, फक्त त्याला वेळ लागतो. इतर ठिकाणी एकदा झाकलेला ट्रक दिवसभर टिकत असेल. आमच्याकडे उन्हाळ्यात लाओसच्या डोंगरांवरून गरम वारा येतो. तो सुटला की ओले कपडे तासाभरात कडक होतात आणि माणसाचे ओठ फुटतात. पहाटे खोचलेलं पान त्या वाऱ्यात नऊपर्यंत मान टाकतं आणि मग वळून पोट वर करतं. म्हणून वारा सुटला की थेमचा नियम ठरलेला होता. दहा वाजता सगळी पानं बदलायची, आणि एकला पुन्हा. जेवण राहिलं तरी चालेल, दहाची पानं राहता कामा नयेत.

आणि ती एकदाच राहिली.

सहाव्या चांद्रमासाची एकोणीस तारीख होती. पहाटे पाच ट्रक आले होते, झाकून झाले होते, थेम झाडावरून उतरून घरी आली होती. सातच्या सुमारास कम्यूनमधला, म्हणजे गावकारभाराच्या कचेरीतला, माणूस दारात आला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता आणि तो आत येत नव्हता, यावरूनच सासूने ओळखलं. बिएन डोंगरातल्या एका खिंडीत ट्रकसकट गेला होता. कधी ते कागदावर नीट लिहिलेलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी, एवढंच.

सासूला सगळे बिएनची आई म्हणत. आमच्याकडे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आणि या बाईला तर थोरला-धाकटा तोच एक होता. ती रडली नाही. तिने कोनाड्यातली पेटी उघडली आणि पांढऱ्या कापडाचा एक तुकडा काढला.

आमच्यातली रीत अशी, की बाप किंवा आई गेली तर मुलाने-सुनेने कपाळाला पांढरी पट्टी बांधायची. मुलगाच आधी गेला तर त्याच्या प्रेताच्या कपाळाला ती पट्टी बांधून मग त्याला पुरायचं, म्हणजे आईबापांचं सुतक तो तिकडे पाळतो आणि त्याच्यावर ऋण राहत नाही. प्रेतच नसेल तर बापाच्या थडग्याशेजारी नुसत्या मातीचं थडगं करायचं आणि पट्टी त्यात ठेवायची. बिएनचा बाप वाळूच्या टेकाडांवर पुरलेला होता. वाडीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, उघड्यावर.

"मी जाऊन येते," बिएनची आई म्हणाली.

"संध्याकाळी जाऊ, आई. अंधार पडला की दोघी जाऊ."

"दोन महिने तो तसाच फिरतोय."

"पांढरं घेऊन दिवसा नाही जायचं. मीच सगळ्यांना सांगते आणि माझ्याच घरातून..."

"बरं," सासू म्हणाली.

थेम आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. बिएनचा एक जुना सदरा तिने मांडीवर घेतला. तो तिनेच चिखलात रंगवला होता, त्यामुळे त्याला बिएनचा वास उरला नव्हता. याचं तिला इतकं वाईट वाटलं, की नवरा गेल्याचं दुःख त्या वासापाशीच अडून बसलं. किती वेळ गेला तिला कळलं नाही. सासू मागच्या दाराने गेली तेही कळलं नाही. बाहेर वारा सुटला होता.

मग दारात हेन आली. बातमी वाडीभर झाली होती. हेनची जीभ पहिल्यांदाच जड झाली होती.

"ताई, दहा वाजत आले. तू बस. आम्ही बदलतो पानं. तू फक्त झाडावर चढून एकदा बघशील का? नाहीतर नको, राहू दे. मी चढेन."

त्या वेळी थेमला फक्त एकटं राहायचं होतं. तिला वाटलं, आता या मुली भारे आणतील, हाका मारतील, ताई इकडे ये, ताई हे बघ. डोकं वर न करता ती म्हणाली, "मी आत्ताच बघून आले. पानं ताजी आहेत. अकराला बदलू."

"वारा आहे पण."

"सांगितलं ना बघून आले म्हणून!"

हेनला सुटल्यासारखं झालं असणार. टेकडीपलीकडून भारा आणायचा म्हणजे कमरेचा काटा ढिला होतो. ती बागेतल्या बिनधुराच्या चुलीकडे गेली आणि ड्रायव्हरांसाठी कसावाचे कंद शिजवायला बसली. इतर मुलीही तिथेच बसल्या.

विमानाचा आवाज आला तेव्हा थेम दारात आली. ते लहान, संथ विमान होतं, नुसतं बघायला येणारं. ते बागेवर एक फेरी घालून गेलं, मग वळलं आणि दुसरी घालायला लागलं. थेमने बागेकडे पाहिलं. हिरव्यागार फणसांखाली पाच राखाडी ढिगारे ओळीने उभे होते. एकूण एक पान सुकून पोट वर करून पडलं होतं, आणि मधूनमधून टपांच्या कडा उघड्या पडल्या होत्या. आंधळ्यालाही दिसले असते.

"हेन!" ती ओरडली.

हेन हातात पळी घेऊन चुलीपासून उठली, तिने थेमकडे बघितलं, मग वर बघितलं. बॉम्ब टाकणारी विमानं यायला तिथून काही मिनिटंसुद्धा लागली नाहीत. थेम घरातल्या पलंगाखालच्या खंदकात पडली, आणि बराच वेळ पडूनच राहिली.

सतरा माणसं गेली. पाचही ट्रक जळाले. हेन गेली, पानवाल्यांतल्या उरलेल्या सातही जणी गेल्या, ड्रायव्हर गेले, चुलीपाशी खेळणारी दोन पोरं गेली. फणसाची बाग राहिली नाही. आणि दुपारी, वाडी प्रेतं गोळा करत असताना, टेकाडांकडच्या वाटेने बिएनची आई चालत येताना दिसली. अंगाला वाळू लागलेली, हातात पांढरी पट्टी. विमान आलं तेव्हा ती पट्टी पोटाखाली घेऊन वाळूत पालथी पडली होती. थडगं अर्धंच झालं होतं.

सगळ्यांनी त्या पट्टीकडे पाहिलं आणि सगळ्यांना कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. जिने विमान आणलं ती तेवढी जिवंत राहिली, असं त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुणीतरी बोललं, आणि मग ते वाडीत कायमचं राहायला आलं.

दुसऱ्या दिवशी कम्यूनमधला तोच माणूस चौकशीला आला. त्याने थेमला विचारलं, "दहाची पानं बदलली होती?"

पानं जळून गेली होती. हेन नव्हती. सासू दाराशी बसून सगळं ऐकत होती.

"हो," थेम म्हणाली.

तिने ते ठरवून सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं की आधी हो म्हणू, मग श्वास घेऊ, आणि मग खरं काय ते सांगू. पण माणूस हो लिहून पुढच्या घरी गेला. त्या रात्री बिएनच्या आईने पांढरी पट्टी स्वतःच्या हाताने चिखलात बुडवली, वाळवली, आणि बिएनच्या तसबिरीच्या मागे ठेवली. थडगं पुरं करायला ती पुन्हा कधी गेली नाही.

लढाई संपली. मोठा रस्ता झाला, बागेच्या जागी घरं झाली, घरांवर पत्रे आले, पत्र्यांवर टीव्हीच्या काठ्या आल्या. ज्या वाडीत एकाच दिवशी सतरा माणसं जातात तिथे वर्षश्राद्धही एकाच दिवशी घरोघर येतं. सहाव्या महिन्याच्या एकोणीसला आमची वाडी सगळी उदबत्तीच्या धुराने भरते. सकाळी प्रत्येकाने प्रत्येकाच्या घरी जायचं, उदबत्ती लावायची, घोटभर हिरवा चहा घ्यायचा, चिकट भाताचा घास खायचा. मग दुपारी सभाघरात सगळ्यांचं एकत्र जेवण.

बिएन कोणत्या दिवशी गेला ते माहीत नव्हतं, म्हणून त्याचं श्राद्धही बातमीच्याच दिवशी, एकोणीसला. बिएनची आई पहाटे उठून भात शिजवायची, मासा तळायची, तसबिरीपुढे मांडायची आणि दार सताड उघडं ठेवून बसायची. त्या दारात कुणी येत नसे. कुणी शिवी दिली नाही की दगड मारला नाही. आमची माणसं तशी नाहीत. नुसतं ते घर ओलांडून पुढे जायचं. बाजारात तिच्या शेजारी बसायचं नाही, तिने दिलेली पानसुपारी घ्यायची नाही. लहान पोरं विचारायची, इथे का नाही जायचं? मोठी माणसं म्हणायची, चल पुढे.

थेम मात्र सगळीकडे जायची. तिला सगळे मानत. आठ मैत्रिणी गमावलेली पानवाल्यांची पुढारीण, भर तारुण्यात विधवा झालेली, दोनदा मागणी येऊनही सासूला सोडून न गेलेली. सुनांना तिचं उदाहरण देत. प्रत्येक घरची उदबत्ती लावून ती दुपारी परत यायची तेव्हा सासू दारातच बसलेली असायची. भात गार झालेला असायचा. मग दोघी तो खायच्या.

आणि दर वर्षी त्या दिवशी झोपताना बिएनची आई तोच प्रश्न विचारायची.

"थेम, एवढीशी पट्टी गं. तळहाताएवढी रुंद. आणि इतक्या लांब. वरून कशी दिसली असेल?"

"झोपा आता, आई."

"तुला कळतं ना त्यातलं. म्हणून विचारते."

"झोपा."

अडतीस वर्षं. थेम काही दगड नव्हती. ती सासूचे केस विंचरायची, माशातला काटा काढून द्यायची, तिच्या ताटात आधी वाढायची. आपण फेड करतोय असं तिला वाटायचं. फेड वाढत गेली तसं सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता सांगायचं म्हणजे ही सगळी सेवासुद्धा काय होती ते सांगावं लागलं असतं. आपल्या भित्रेपणाचा तिला राग यायचा. मग ती आणखी एक काटा काढून द्यायची.

त्या वर्षी बिएनची आई ऐंशीला आली. डोळ्यांत फूल पडलं होतं, पायांवर सूज होती, आणि तालुक्याच्या डॉक्टरने थेमला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. एकोणीसला आठवडा होता. म्हातारी ओसरीवर पान चघळत बसली होती. ती एकदम म्हणाली, "मी वर गेले की पहिली हेन भेटेल. तिला काय सांगू? तोंडाळ होती पोरगी. म्हणेल, काकी, एक दिवस कळ काढता आली नाही?"

थेम सुपारी कातरत होती. अडकित्ता तिच्या हातात तसाच राहिला.

"पट्टी दिसली नव्हती, आई."

"काय?"

"विमान टेकाडांकडे फिरकलंच नाही. सरळ बागेवर आलं. पानं सुकली होती."

"कुठली पानं?"

"दहाची. मी बदलली नव्हती."

म्हातारीचं चघळणं थांबलं. "हेन आली होती ना विचारायला? तू तेव्हाच सांगितलं होतंस मला, हेन येऊन गेली म्हणून."

"तिला मी खोटं सांगितलं. बघून आले म्हणाले. मी उठलेच नव्हते."

"आणि त्या कागदवाल्याला?"

"त्यालाही."

बिएनच्या आईने तोंडातलं पान थुंकलं. तिने न दिसणारे डोळे अंगणाकडे वळवले. मग म्हणाली, "माझ्या ताटात जेवलीस गं तू. अडतीस वर्षं."

"आई..."

"दर वर्षी विचारलं मी तुला. तोंड दुखेस्तोवर विचारलं. आणि तू म्हणायचीस झोपा. मी झोपत होते का? तुला माहीत होतं मी झोपत नव्हते ते! त्याच पलंगावर होतीस!"

थेम तिच्या पाया पडायला वाकली तर म्हातारीने पाय ओढून घेतले.

"ते नको. रडूही नकोस. एकोणीसला सगळे जमतील तेव्हा जा आणि सांग. सगळ्यांच्या समोर. मग त्यांना इथे घेऊन ये. माझ्या बिएनला एक उदबत्ती लावू देत. माझी माफी मागायची तर मागू देत, नाही मागितली तरी चालेल. पण माझ्या दारात येऊ देत." मग म्हणाली, "आणि बाजारातून पांढरं कापड आण. नवं."

थेमने कापड आणलं. म्हातारीने चाचपत त्याची पट्टी फाडली, कडा दुमडून टाके घातले. डोळे नसताना टाके वाकडे पडले, पण थेमला तिने हात लावू दिला नाही. एकोणीसच्या सकाळी पट्टी तसबिरीपुढे ठेवली, चिखलाची जुनी चुलीत घातली, आणि धुतलेला सदरा घालून म्हातारी दाराकडे तोंड करून बसली.

सभाघरात चटया पसरल्या होत्या. जेवणं सुरू व्हायच्या आधी सतरा नावं वाचतात. नावं वाचून झाली आणि थेम उभी राहिली. आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती. तिने सगळं सांगितलं. कागद, सदरा, हेन दारात आली ते, ती काय म्हणाली आणि आपण काय म्हणालो ते. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "माझ्या सासूचा काही दोष नव्हता. सतरा माणसं माझ्यामुळे गेली. तुम्ही मला काय करायचं ते करा."

दोन-तीन बायका डोळे पुसत होत्या. मग त्वान उठला. हेनचा धाकटा भाऊ, आता वाडीचा प्रमुख. तो थेमजवळ आला आणि त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"वहिनी, बसा."

"त्वान, तुझी बहीण माझ्यामुळे..."

"बसा हो. आम्हाला दिसत नाही का? म्हातारीचे दिवस भरत आले. तिने सुखाने डोळे मिटावेत म्हणून तुम्ही हे एवढं सगळं स्वतःच्या डोक्यावर घ्यायला निघालात."

"अरे, पण खरं आहे ते!"

"तुम्ही? आणि पानं बदलली नाहीत?" त्वानला हसू आणि रडू एकदमच येत होतं. "आमची हेनताई घरी येऊन शिव्या घालायची तुम्हाला, एक पान उलटं चालू देत नाही म्हणून. कागदावरसुद्धा लिहिलेलं आहे बदलली म्हणून. नवरा गेला त्या दिवशीही तुम्ही तुमचं काम सोडलं नाहीत, हे आम्ही पोरांना सांगतो."

"मी खोटं लिहायला लावलं ते!"

"अशी सून मिळायला नशीब लागतं," मागून एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

थेम ओरडून सांगत राहिली. जितकं ओरडली तितकी लोकांची तिच्यावरची माया वाढली. कुणाला खरोखर पटलं नाही आणि कुणाला पटवून घ्यायचंच नव्हतं, हे आता वेगळं काढता येणार नाही. मला विचाराल तर आम्ही सगळे भ्यायलो. एका बाईचं दार अडतीस वर्षं ओलांडून गेल्यावर तिचा काही गुन्हाच नव्हता हे कोण मान्य करणार? त्यापेक्षा थेम थोर आहे हे मानणं सोपं होतं, आणि आम्ही ते मानलं.

त्वान मोठ्या मनाचा माणूस. तो म्हणाला, "वहिनींनी एवढं केलं, तर आपणही थोडं केलं पाहिजे. चला, सगळे चला बिएनकडे."

चाळीसेक माणसं निघाली. उदबत्त्या, फळं, भाताचे उंडे घेऊन. वाटेत थेम त्वानची बाही धरून म्हणत होती, "तिथे काही बोलू नकोस. नुसती उदबत्ती लाव. तुझ्या पाया पडते." तो म्हणत होता, "तुम्ही काळजी नका करू."

इतक्या पावलांचा आवाज ऐकून बिएनची आई उठून उभी राहिली. दाराचा खांब धरला. तिचा असा चेहरा आम्ही कुणी कधी पाहिला नव्हता. "या," ती म्हणाली. "या, या. भात गरम आहे."

एकेक जण आत गेला. बिएनच्या तसबिरीपुढे उदबत्त्यांची इतकी दाटी झाली की वाडग्यातली वाळू कमी पडली. म्हातारी प्रत्येकाचा हात चाचपून नाव विचारत होती, आणि नाव ऐकलं की "हो का, तू का" म्हणत होती. थेम भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, आता कुणी काही न बोलता गेलं तर देव पावला.

पण त्वानला बोलायचं होतं. म्हातारीला कमी ऐकू येतं असं समजून तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काकी, झालं ते झालं. आमच्या मनात आता काही नाही. माझ्या ताईच्या वतीने सांगतो. आम्ही तुम्हाला माफ केलं."

सगळे माना हलवत होते. काही बायका रडत होत्या. बिएनची आई त्वानकडे तोंड करून बसली होती. मग तिने मान वळवली. थेम जिथे उभी होती बरोबर तिथे.

"चहा घ्या," ती म्हणाली. "गार होईल."

लोक गेले. समाधानाने गेले, हेही सांगून टाकतो. थेम वाट्या गोळा करायला लागली, तेव्हा म्हातारी म्हणाली, "राहू दे त्या. पट्टी आण ती."

थेमने तसबिरीपुढची पांढरी पट्टी आणून दिली. तिच्यावर उदबत्तीची राख पडली होती. म्हातारीने राख फुंकली आणि पट्टीची नीट घडी केली.

"मी सांगितलं, आई. सगळं सांगितलं. त्यांनी..."

"ऐकलं मी." तिच्या आवाजात राग उरला नव्हता, आणि थेमला रागच बरा वाटला असता. "ही माझ्या पेटीत ठेव. मी गेले की माझ्या हातात द्यायची. बिएनची आहे, मीच नेऊन देते त्याला."

"बरं."

"आणि माझ्यामागे तू पांढरं बांधायचं नाहीस."

बिएनची आई त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेली. तिच्यासाठी पांढरी पट्टी बांधणारी जगात एकटी थेमच होती. अंत्ययात्रेला अख्खी वाडी लोटली, आणि प्रेतामागून थेम मातकट सदऱ्यात, उघड्या कपाळाने चालली. बायकांनी बाजारातली पट्टी आणून तिच्या हातात कोंबली, ती तिने परत केली. त्वान सगळ्यांना हळूच सांगत होता, "त्या दिवसापासून त्यांना पांढरं बघवतच नाही हो." टेकाडांवर वाळूत खड्डा तयार होता, बिएनच्या बापाच्या थडग्याशेजारी. झाकण ठोकायच्या आधी थेमने घडी केलेली पट्टी म्हातारीच्या मुठीत ठेवली, आणि मूठ मिटत नव्हती म्हणून दोन्ही हातांनी धरून बसली.